गदेशेजारी पुस्तकाचा खण

कोल्हापुरातल्या तालमीत काय दिसतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. समोर मारुती, भिंतीवर वस्तादांच्या तसबिरी, कोपऱ्यात मुदगल, काचेच्या कपाटात गदा, ढाली आणि चषक. हौद्यातल्या तांबड्या मातीची निगा तर घरातल्या लेकरासारखी राखली जाते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू पडतं, खोऱ्याने ती उकरून वरखाली केली जाते. माती कोरडी पडली की अंग सोलतं, जास्त ओली झाली की पाय रुततो आणि गुडघा पिळवटतो. वस्तादाला हे मूठभर माती हातात घेतली की कळतं. मातीची आणि खुराकाची एवढी चिंता वाहणाऱ्या या जागेत वाचायला मात्र फार तर कालचं वर्तमानपत्र सापडतं. गदेच्या कपाटात एक खण पुस्तकांचा हवा. आणि त्या खणात कोणती पुस्तकं ठेवायची हे नीट विचार करून ठरवायला हवं, कारण खण झाला आणि भलत्याच पुस्तकांनी भरला, तर वर्षभरात त्याला कुलूप लागेल.

या गावाला वाचनाचं वावडं नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं, खासबागेचं मैदान १९१२ चं. म्हणजे कुस्तीच्या मोठ्या मैदानाआधी बासष्ट वर्षं इथे वाचनालय होतं. अडचण आहे ती वेळेची. पैलवान पहाटे चारला उठतो, सकाळची मेहनत करून जेवतो, दुपारी झोपतो आणि ऊन कललं की पुन्हा लंगोट चढवतो. त्याच्या दिवसात वाचनालयाची वेळ कुठेच बसत नाही. फुटबॉलवाल्या पोराचं कॉलेज किंवा नोकरी संपते तेव्हा सरावाची वेळ झालेली असते. गिर्यारोहणाच्या मंडळांचं तर कार्यालयच बहुधा कुणाच्या तरी घराची पुढची खोली. खेळाडूने पुस्तकापर्यंत जावं असं म्हणत राहण्यापेक्षा पुस्तक त्याच्या लंगोटाच्या खुंटीपर्यंत नेणं सोपं आहे.

आता कोणती पुस्तकं? खेळ, डोंगर आणि निसर्ग यांवरच्या ‘वाचायलाच हवीत’ अशा याद्या निघतात, त्यांत बहुतेक जागा विजेत्यांची चरित्रं अडवतात. गरिबी, जिद्द, दुखापत, पुनरागमन, पदक. ही पुस्तकं वाईट नसतात. पंधराव्या वर्षी असं एखादं हातात पडलं तर पोरगं पेटून उठतं, आणि ते व्हायलाही हवं. पण पेटलेल्या पोराला दुसऱ्या दिवशी सकाळी जे प्रश्न पडतात त्यांची उत्तरं चरित्रात नसतात. तीन आठवड्यांत पाच किलो वजन उतरवायचं की वरच्या गटात खेळायचं? पंचाने गुण दिला नाही तर दाद कशी मागायची? मसाई पठारावर धुकं उतरलं तर वाट कशी धरायची? घरात निघालेला काळा-पांढरा साप मण्यार की कवड्या? अशी उत्तरं देणाऱ्या पुस्तकाला मी वापराचं पुस्तक म्हणतो. ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचं नसतं. अडलं की उघडायचं, घामेजल्या हाताने, पान दुमडून. तालमीच्या खणात निम्म्याहून जास्त पुस्तकं या जातीची हवीत.

मराठीत अशा पुस्तकांची परंपरा नाही असं कुणी म्हणू नये. बडोद्याहून १९३६ पासून पुढे दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ मराठीतच निघाला. कुस्ती, मल्लखांब, लाठी असे विषय त्यात कृतीसह, चित्रांसह मांडलेले आहेत. हे काम आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने केलं. त्यानंतर आपण चरित्रांवर आणि सत्कार-विशेषांकांवर थांबलो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नियमांच्या पुस्तकापासून सुरुवात करू, कारण त्याची किंमत काय असते हे कोल्हापूरइतकं कुठल्या गावाला कळलेलं नसावं. खाशाबा जाधव इथल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले, १९५२ साली हेलसिंकीत बँटमवेट गटात कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशीशी त्यांची कुस्ती लांबली, आणि ती संपल्यावर लगेच त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद मम्मदबेयोव्हसमोर उभं राहावं लागलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता, पण तो पुढे करून भांडायला भारताचा अधिकारी तिथे हजर नव्हता, अशी नोंद त्या कुस्तीच्या बहुतेक वृत्तांतांत सापडते. ही गोष्ट आपण सत्तर वर्षं हळहळत सांगतो. पण नियमाचं पुस्तक आजही तालमीत ठेवत नाही.

मातीतल्या कुस्तीत पाठ लागली की निकाल लागला. मॅटवरही पाठ लागली की कुस्ती संपते, पण तिथे गुणांवरही निकाल लागतो. फ्रीस्टाइलमध्ये तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंद विश्रांती. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. मल्ल अंगचोरी करतोय असं पंचाला वाटलं तर आधी ताकीद, पुन्हा तसंच झालं तर तीस सेकंदांचं घड्याळ लागतं, आणि तेवढ्या वेळात कुणीच गुण घेतला नाही तर समोरच्याला फुकट एक गुण मिळतो. पंचाच्या निर्णयावर कोपऱ्यातून चॅलेंज (फेरतपासणीची मागणी) टाकलं आणि ते फेटाळलं गेलं, तर तो हक्क जातोच, वर समोरच्याला एक गुणही मिळतो. मातीत वाढलेला मल्ल पहिल्यांदा मॅटवर उतरतो तेव्हा बचावाला थांबून संधीची वाट बघतो. हौद्यात हा शहाणपणा असतो, मॅटवर त्याच्यामुळे गुण जातात. हे सगळं वीसेक पानांच्या मराठी पुस्तिकेत मावेल, आणि वस्ताद ते एका संध्याकाळी वाचून दाखवू शकेल.

फुटबॉलचं तेच. फुटबॉलचे नियम सतराच, पण दरवर्षी १ जुलैपासून नवी आवृत्ती लागू होते. अधिकृत प्रती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिशमध्ये निघतात. पेठेतल्या सामन्यात मैदानाबाहेरून जो आरडाओरडा होतो, त्यातला बराचसा जुन्या नियमावर बेतलेला असतो. २०१९ पासून गोलकिक पेनल्टी क्षेत्राबाहेर जायची गरज उरलेली नाही. चेंडूला पाय लागून तो हलला की खेळ सुरू. २०२५ च्या आवृत्तीनुसार गोलरक्षकाने चेंडू आठ सेकंदांहून जास्त हातात धरला तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो. पूर्वी सहा सेकंद आणि अप्रत्यक्ष फ्रीकिक होती. थ्रो-इनवरून थेट आलेल्या चेंडूवर ऑफसाइड नसतो, हा तर जुनाच नियम, तरी दर हंगामात त्यावरून वाद होतात. शाहू स्टेडियमवर सामना बघायला जाणारं गाव जाणकार आहे. त्या जाणकारीला दरवर्षी जून संपायच्या आत बदललेल्या नियमांचं एक मराठी पान मिळालं, तर पंचाशी होणारे निम्मे वाद मैदानात यायच्या आधीच मिटतील. हे पान छापायला जेमतेम हजारभर रुपये लागतील.

वजनाबद्दल जास्त लिहिणं भाग आहे, कारण इथे चुकलं तर जीव जातो. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात पाणी तोडायचं, अंगावर रबरी किंवा प्लॅस्टिकचा सूट चढवायचा, गरम खोलीत दोरीवरच्या उड्या मारायच्या, ही पद्धत सगळीकडे आहे. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कॉलेजचे तीन मल्ल असंच वजन उतरवताना मेले. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने रबरी सूट आणि वाफेच्या खोल्या बंद केल्या, हंगामाच्या सुरुवातीला मल्लाच्या अंगातलं पाणी आणि चरबी मोजून त्याचा किमान गट ठरवायला सुरुवात केली, आणि आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्याहून जास्त घट चालणार नाही असा दंडक घातला. सत्तर किलोच्या मल्लाला हे साधारण एक किलो पडतं. म्हणजे पाच किलो उतरवायचे तर पाच आठवडे आधी सुरुवात हवी. आपल्याकडे ती पाच दिवस आधी होते.

पाणी तोडल्यावर आत काय होतं हे पैलवानाला चित्र काढून दाखवणारं पुस्तक हवं. रक्तातलं पाणी कमी झालं की रक्त घट्ट होतं, तेवढंच रक्त फिरवायला हृदय जास्त जोरात धावतं. घाम आटतो, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि आतलं तापमान चढत जातं. पोटॅशियम, सोडियम यांचा तोल गेला की हृदयाची लय बिघडते. दंडाची ताकद आहे तशी असते, म्हणून पोराला आपण ठीक आहोत असंच वाटत राहतं. पहिली खूण म्हणजे गडद पिवळी लघवी, मग पायात पेटके, मग असंबद्ध बोलणं. बोलणं बिघडलं की ते थकव्यामुळे आहे असं समजून वाट बघायची नाही, अंगावर पाणी ओतत दवाखाना गाठायचा. २०२४ साली पॅरिसमध्ये विनेश फोगाट पन्नास किलोच्या गटात शंभर ग्रॅमने बाद झाली तेव्हा घरोघरी चर्चा झाली, पण ती चर्चा अन्यायाची होती. एका रात्रीत वजन का उतरवावं लागतं, हा प्रश्न तालमीच्या ओट्यावर फारसा निघाला नाही. तो निघायला हवा असेल तर या विषयावरचं पुस्तक ओट्यावर पडलेलं असायला हवं.

यावर तालमीतून येणारं उत्तर ठाऊक आहे: डाव पुस्तकातून येत नाही. अगदी खरं. कलाजंग, ढाक, एकेरी पट, घिस्सा हे अंगाला अंग लागल्याशिवाय कळत नाहीत, आणि पुस्तकात बघून कुणी मोळी बांधायला गेला तर स्वतःच्याच मानेवर पडेल. वस्तादाची जागा पुस्तकाने घ्यावी असं कुणी म्हणत नाही. पण वस्तादालाही त्याच्या वस्तादाकडून जे आलं तेच तो देणार. ‘मेहनत करताना पाणी प्यायचं नाही’ हा नियम एका पिढीने दुसऱ्या पिढीला निष्ठेने दिला, आणि तो चुकीचा होता. मोबाइलवर सगळं मिळतं असंही सांगतात. मिळतं, पण तीस सेकंदांच्या चित्रफितीत डाव एकाच बाजूने दिसतो, तो कधी लावू नये हे सांगितलेलं नसतं, आणि सांगणारा कोण हे कळत नाही. पुस्तकावर लेखकाचं नाव, आवृत्ती आणि साल असतं. चूक निघाली तर कुणाला विचारायचं ते ठाऊक असतं.

आवृत्ती आणि साल ही बारीकसारीक गोष्ट मानू नये. जुन्या प्रथमोपचाराच्या पुस्तकांत साप चावल्यावर वर घट्ट आवळपट्टी बांधा, जखमेवर चिरा द्या, रक्त चोखून टाका असं छापलेलं आहे. हे तिन्ही उपाय आज घातक मानले जातात. आवळपट्टीने हात-पाय सडू शकतो, चिऱ्याने रक्त थांबेनासं होतं, आणि चोखण्यात वेळ जातो. चावलेला हात किंवा पाय मोडल्यासारखा स्थिर ठेवायचा, अंगठी-कडं काढायचं, माणसाला चालवायचं नाही आणि जिथे प्रतिविष आहे त्या दवाखान्यात थेट न्यायचं. जुनी पुस्तकं मात्र रद्दीत घालू नयेत, त्यांत बाकी पुष्कळ मोलाचं असतं. त्या पानावर तांबड्या पेनने ‘ही पद्धत आता चुकीची’ असं लिहून तारीख घालावी. खण सांभाळणाऱ्याचं हे पहिलं काम.

सापाचा विषय निघालाच आहे तर वापराचं पुस्तक कसं वाचतात ते त्यावरूनच सांगतो. उसाच्या पट्ट्यात नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांची भीती, आणि भारतात मिळणारं प्रतिविष याच चारांवर चालतं. मण्यारीसारखा दिसणारा बिनविषारी कवड्या घरात नेहमी येतो आणि फुकट मारला जातो. उलट मण्यारीला कवड्या समजून हातात घेणारेही असतात. चित्राचं पुस्तक नुसतं चाळलं तर दोन्ही काळपट, दोन्हींवर पांढरे पट्टे, एवढंच दिसतं. पण पट्टे कुठून सुरू होतात ते बघा. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं उलट: डोक्यामागे बराचसा भाग कोरा किंवा पुसट ठिपक्यांचा, आणि पट्टे शेपटीकडे स्पष्ट. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या, षटकोनी खवल्यांची रांग असते. कवड्याला ती नसते. कवड्या भिंतीवर, कौलात सहज चढतो. मण्यार बहुधा जमिनीलगत. ही ओळख हात न लावता, दोन मीटरांवरून करायची, आणि जरा जरी शंका आली तरी मण्यार समजूनच वागायचं. मण्यारीचा दंश रात्री, जमिनीवर झोपलेल्याला होतो, फारसा दुखत नाही, खूणही दिसेलच असं नाही. पहाटे पोटात दुखतं आणि पापण्या जड होऊन मिटायला लागतात. तालमीत पोरं जमिनीवर घोंगडी टाकून झोपतात. हे पान त्यांनी वाचलेलं असावं. दाजीपूरच्या रानात जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: झाडा-झुडपांत बसणारा हिरवा चापडा त्या चारांत येत नाही, त्याच्या दंशावर ते प्रतिविष लागू पडत नाही, तरी दवाखाना चुकवायचा नसतो.

निसर्गाच्या बाबतीत कोल्हापूर भाग्यवान आहे. राधानगरीचं अभयारण्य १९५८ चं, गव्यांसाठी प्रसिद्ध. जिल्ह्याच्या वनस्पतींची शास्त्रीय नोंद करणारा ‘फ्लोरा ऑफ कोल्हापूर डिस्ट्रिक्ट’ हा यादव आणि सरदेसाई यांचा ग्रंथ शिवाजी विद्यापीठाने २००२ साली काढला. स्वतःच्या रानाचं असं पुस्तक असलेले जिल्हे थोडे. पण ते इंग्रजीत आहे आणि वनस्पतिशास्त्राच्या भाषेत आहे, आणि ते तसंच असायला हवं, कारण नेमकेपणा त्यातच असतो. त्याच्या आधाराने पठारांवरच्या शे-दीडशे फुला-झाडांची मराठी पुस्तिका करावी, पानाचा आकार, फुलण्याचा महिना आणि गावकऱ्यांच्या तोंडचं नाव घालून. खिशात मावेल अशी, पान भिजलं तरी न फाटणाऱ्या कागदावर. पावसाळ्यात पठारावर फूल असतं तेव्हाच पाऊस असतो. हे ध्यानात न घेता गुळगुळीत कागदावर छापलेली सुंदर पुस्तकं दुसऱ्याच फेरीत पानाला पान चिकटून जातात.

ललित निसर्गलेखन वापराच्या पुस्तकांत मोडत नाही असं वाटेल, पण मला ते मान्य नाही. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ चैत्रापासून महिन्यामहिन्याने लिहिलेलं आहे. सलग वाचून संपवलं तर भाषेचा आनंद मिळतो. श्रावणातलं श्रावणात, पौषातलं पौषात वाचून लगेच रंकाळ्यावर किंवा कळंब्याला चक्कर मारली तर डोळा तयार होतो. मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरी करताना आदिवासींच्या, पारध्यांच्या तोंडचे शब्द टिपत गेले. बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार, कावळ्यांच्या वसाहतीला काकागार असे शब्द त्यांनी मराठीला दिले. शब्द असला की वस्तू दिसू लागते. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’ वाचून एका जागी गप्प बसून रान बघायचं असतं हे कळतं, आणि सुट्टीच्या दिवशी राधानगरीत गाडीतून मोठ्याने गाणी लावत जाणाऱ्यांना हेच कळलेलं नसतं. या तिघांची पुस्तकं खणात हवीतच. सोबत चित्रांचं पक्षिपुस्तक हवं, आणि चित्रांचंच हवं. छायाचित्रात एकच पक्षी एका उजेडात दिसतो, चित्रकार मात्र नर, मादी, पिल्लू आणि उडताना दिसणारी पंखाखालची खूण शेजारी-शेजारी काढून देतो.

डोंगराकडे वळतो. दरवर्षी आषाढात पन्हाळा ते पावनखिंड मोहिमा निघतात. १६६० च्या त्या रात्रीवर लिहिलेलं पुष्कळ आहे, आणि ते वाचून गेलं तर पायाखालची वाट वेगळी भासते. पण इतिहासाचं पुस्तक वाट चालायला शिकवत नाही. त्यासाठी नकाशा वाचायला शिकवणारं पुस्तक लागतं, आणि नकाशाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे एकास पन्नास हजार प्रमाणाचे नकाशे संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. त्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि लगतच्या समोच्चरेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये) उंचीचा फरक वीस मीटर. वेळेचा अंदाज काढायची नेस्मिथची रीत १८९२ पासून चालत आली आहे: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. एका दिवसात वीस किलोमीटर आणि सहाशे मीटर चढ असेल तर पाच तास झाले. ही झाली कोरड्या वाटेवरची, तरण्या, एकट्या माणसाची गोष्ट. चिखल, जळवा काढायला थांबणं आणि चाळीस जणांची रांग असली तर त्याची दीडपट-दुप्पट धरावी. सकाळी दहाला निघालेला जथा मग अंधारात शेवटच्या ओढ्यावर पोचतो, आणि दिवसभर पडलेल्या पावसाने ओढा तेव्हाच सर्वांत चढलेला असतो. मोहिमेतल्या अडचणी बहुतेक वेळा अशाच, सकाळच्या उशिरातून, सुरू होतात. मसाई पठारावर धुकं उतरलं की रांग तुटते. पुढे एक वाट माहीत असलेला आणि सगळ्यात मागे एक अनुभवी, आणि पुढच्याच्या पुढे कुणी जायचं नाही, मागच्याच्या मागे कुणी राहायचं नाही, हा नियम पाळला तर मोजदाद सोपी होते.

एक पुस्तक मराठीत हवंय आणि कुणीच लिहिलेलं नाही असं मला वाटतं. अमेरिकन अल्पाइन क्लब १९४८ पासून दरवर्षी गिर्यारोहणातल्या अपघातांचा अहवाल पुस्तकरूपाने काढतो. काय घडलं, आणि का घडलं, एवढंच. कुणाला दोष द्यायचा नाही. मरणाऱ्याचं कौतुकही करायचं नाही. असा सह्याद्रीचा वार्षिक अहवाल हवा, आणि त्यात नद्याही हव्यात. कारण आपल्याकडे डोंगरापेक्षा पाण्याची सवय जास्त आणि म्हणून धास्ती कमी.

बंधाऱ्याचंच घ्या. ज्या पद्धतीच्या बंधाऱ्याला राज्यभर कोल्हापूरचं नाव आहे, त्याच्या खाली पाणी कसं वागतं हे पोहायला जाणाऱ्या पोरांना कुणी सांगत नाही. बंधाऱ्यावरून कोसळणारं पाणी थेट तळाला जातं, तिथून पुढे वर येतं, आणि वर आल्यावर त्यातलं काही पृष्ठभागावरून पुन्हा भिंतीकडे परततं. त्या परतीच्या पाण्यात सापडलेला माणूस भिंतीकडे ओढला जातो, कोसळत्या धारेखाली तळाला दाबला जातो, थोडा पुढे वर येतो आणि पुन्हा ओढला जातो. पांढऱ्या फेसात हवा मिसळलेली असते, त्यामुळे त्यात अंग तरंगत नाही आणि हात मारले तरी पकड मिळत नाही. पट्टीचा पोहणाराही यातून सुटत नाही, आणि त्याला काढायला उडी मारणारा दुसरा बळी ठरतो. काठावरून दोर, हवा भरलेली ट्यूब किंवा बांबू टाकायचा, पाण्यात उतरायचं नाही. बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले असताना धोका वरच्या बाजूलाही असतो: एखादा बरगा निघालेला असला की त्या फटीकडे पाणी ओढ घेतं आणि माणूस फटीत दाबला जातो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे गावात लहान पोरालाही पाठ आहेत. पण ते पुराचे आकडे झाले. पोहणाऱ्याला धोका कितीतरी खालच्या पातळीला, पाणी दिसायला शांत असताना सुरू होतो.

हे सगळं करायला पैसा फारसा लागत नाही, व्यवस्था लागते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना वर्गानुसार अनुदान मिळतं. तालीम किंवा तरुण मंडळ ग्रंथालय म्हणून नोंदवत बसण्यात अर्थ नाही. जवळच्या मान्यताप्राप्त वाचनालयाने वीस-पंचवीस पुस्तकांची पेटी तालमीत ठेवावी, दर तीन महिन्यांनी ती दुसऱ्या तालमीतल्या पेटीशी बदलावी. नियमपुस्तिका, प्रथमोपचार आणि सापांचं पुस्तक मात्र कायम तिथेच. ती मंडळाने स्वतः घ्यावीत, स्पर्धेच्या बक्षिसातला थोडा हिस्सा बाजूला काढून.

पावसाळ्यात पुस्तकं टिकवणं हे कोल्हापुरात स्वतंत्र काम आहे. लोखंडी कपाट भिंतीला चिकटवलं की मागच्या बाजूला ओल धरते आणि बुरशी मागच्या रांगेपासून सुरू होते. भिंतीपासून चार बोटं जागा सोडावी, खाली विटा द्याव्यात. खणात पुस्तकं ठासून भरू नयेत. कसर लागते ती न हलवलेल्या पुस्तकांना, म्हणून रोज उघडलं जाणारं कपाट आपोआप बचावतं. कुलूप लावायचंच असेल तर किल्ली वस्तादाकडे नको, मारुतीशेजारच्या खिळ्याला असू द्या. खंडेनवमीला गदा, मुदगल, हत्यारं पुसून पूजेला मांडली जातात. त्याच दिवशी खण रिकामा करून पुस्तकं सावलीत वाऱ्यावर ठेवावीत, थेट उन्हात नाही, उन्हाने बांधणीचा डिंक सुटतो. त्याच दिवशी तांबड्या पेनाच्या नोंदी तपासाव्यात.

पुस्तक कोण उघडतं याची एक वही खणात ठेवावी. तिला रकाने चार पुरेत: पुस्तक, नाव, तारीख, आणि ‘काय शोधायला उघडलं’. चौथा रकाना महत्त्वाचा. वर्षाच्या शेवटी तो वाचला की पुढच्या वर्षी कोणतं पुस्तक घ्यायचं ते कळेल, आणि कोणतं पुस्तक मराठीत अजून लिहिलंच गेलेलं नाही तेही. अपघाताच्या नोंदींसाठी दुसरी वही, एका घटनेला एक पान: जागा, दिवस, किती जण होते, निघाले किती वाजता, पाण्याची किंवा पावसाची स्थिती, पहिली चूक कोणती, आणि कुठे थांबता आलं असतं. कुणाचं नाव नाही. बंधाऱ्याचं पान सगळ्यात आधी लिहावं, आणि उन्हाळी सुट्ट्यांत पोरं पोहायला बाहेर पडायच्या आत त्याची प्रत घाटावर लावावी.